तंगाखालची दोन बोटं

बाईंचे घोडे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते तिघेही एका भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेजारी लिंबाची गार सावली, समोर बादलीभर पाणी, हिरवागार लसूणघास पडलेला. आणि हे तिघे भर उन्हात, कोऱ्या भिंतीला नाक लावून. मास्तरांनी वर्गात कोपऱ्यात उभी केलेली पोरं दिसतात तसे. मी बाईंना विचारलं, "हे असे का उभे आहेत?"

"तिकडे पुणं आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही खोली बघायला आलात की घोडे?"

बिबवेवाडी तेव्हा शहरात मोडत नसे. मळे, विहिरी आणि मधूनच एखादं नवं बैठं घर. मी साताऱ्याकडचा, सरकारी कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. पेठांमध्ये माझ्यासारख्या सड्याफटिंगाला कोणी खोली देत नव्हतं, म्हणून सायकल मारत इतक्या लांब आलो होतो. बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "घोड्यांचा वास येतो का तुम्हाला?"

"येतो," मी म्हणालो.

"आधीचे गृहस्थ नाही म्हणाले होते. खोटं बोलणारा माणूस शेजारी नको. सामान आणा."

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. अंगानं काटक, पाचवारी पातळ आणि त्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. घोड्यांना त्या अहोजाहो करायच्या. "अहो, पाय उचला." "आपण जरा सरकता का?" माणसांशी मात्र इतकं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. वाटेनं जाणारा कोणी उगीच थांबून म्हणाला, "वा बाई, केवढी ही भूतदया!" तर त्या खरारा करत पाठमोऱ्याच म्हणायच्या, "बघून झालं असेल तर निघा. उन्हात उभं राहून पुण्य लागत नाही."

रिक्षा वाढत होत्या आणि टांग्यांचे अड्डे ओस पडत होते. म्हातारं जनावर पोसायचं कोणी, म्हणून टांगेवाले ते बाईंच्या फाटकाशी आणून उभं करत. काहींच्या डोळ्यांत पाणी असे, काही न बोलता लगाम गजाला अडकवून चालू लागत. बाई एकालाही परत पाठवत नसत. पण एक गोष्ट माझ्या लवकरच लक्षात आली. पांढरा किंवा काळा घोडा आला की त्यांचा चेहरा उतरायचा, आणि तांबडा आला की हातातलं काम टाकून त्या फाटकाकडे पळत सुटायच्या.

त्या घरात राहणं सोपं नव्हतं, हे कबूल करतो. दुपारी मी आडवं पडावं आणि बाहेर एकदम सगळ्या टापांचा आवाज थांबावा. खिडकीतून पाहिलं तर घोडे कान टवकारून एकाच दिशेला बघत असत. तिथं काही नसे. एक काळा घोडा कित्येक वर्षं एका सूतिकागृहासमोरच्या अड्ड्यावर होता. शेजारच्या मळ्यात तान्हं मूल रडलं की तो जागच्या जागी वळून उभा राही आणि तोंड मागे करून बघे, कोणी तरी बसलं की नाही याची खात्री करून घेतल्यासारखा. एकदा मी त्याच्या मागेच होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या शेजारी, दीड हातावर पाहिलं. त्यानंतर मी त्याच्या मागून जाणं सोडलं.

"तो वेडा झालाय का हो, बाई?" मी विचारलं होतं.

"वेडा कशानं? जन्मभर सवाऱ्या वाहिल्या त्यानं. टांगा सुटला म्हणून सवाऱ्या सुटतात होय?"

घोड्याला घर शोधण्याला बाई 'स्थळ बघणं' म्हणत, आणि मुलीच्या बापानं करणार नाही इतकी चौकशी करत. वरातीत नाचवणार असाल तर नाही, माथेरानला नेणार असाल तर नाही, नुसतं दारात शोभेला हवा असेल तर मुळीच नाही. लोणी काळभोरचा एक मळेकरी पांढऱ्या घोड्यासाठी आला तेव्हा मी हजर होतो.

"काम काय देणार?" बाईंनी विचारलं.

"काम काय न्हाय, बाई. आमचा म्हातारा बसून आस्तो बांधावर. त्येला जोडीला हाय आपलं."

"म्हातारा कोण?"

"बाप हाय माजा."

"त्याला विचारलंय?"

"त्योच म्हनला, मान्सं नगत, जनावर आन."

बाईंना हे स्थळ पसंत पडलं. पुढे काही दिवसांनी तो पेरूची पाटी घेऊन आला. घोडा कसा आहे विचारलं तर डोकं खाजवत म्हणाला, "बरा हाय. पर सकाळच्याला म्हाताऱ्याच्या बाजंपाशी जाऊन हुबा ऱ्हातो. आता म्हाताराबी टोपी घालून तयार बसतोय. दोगंबी वाट बगत्यात बगा. कुनाची, त्ये ठावं न्हाय." बाई हसल्या. मी बाईंना हसताना पाहिलं ते बहुधा तेवढंच.

तांबड्या घोड्याची गोष्ट मात्र निराळी होती. त्याला लगेच स्थळ बघत नसत. आधी त्याला पुण्यात फिरवून आणायचं, आणि तेही रविवारी, जेवणं होऊन पुणं झोपतं त्या वेळी. मला त्या सोबत नेत. घोड्यावर बाई सगळा साज चढवत, डोळ्यांना ढापणं, गळपट्टा, तंग, सगळं. टांगा तेवढा नाही. साज अंगावर आला की घोडा पाठीमागे टांगा असल्यासारखाच चालायला लागे. उगीच कोपऱ्यावर रुंद वळण घेई. लगाम सैल सोडून बाई पुढे चालत आणि माझं काम ठरलेलं असे. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा. त्याच्या आणि घोड्याच्या कातडीच्या मध्ये उजव्या हाताची दोन बोटं घालून मी बाजूनं चालायचं.

"कशासाठी?" मी पहिल्याच वेळी विचारलं.

"पट्टा ताणला की मला सांगायचं."

"आणि नाही ताणला तर?"

"तर गप्प चालायचं. जमेल ना?"

आम्ही स्वारगेटवरून बाजीराव रस्त्यानं आत शिरत असू. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, कुत्रीसुद्धा पायऱ्यांखाली निजलेली, आणि त्या सुनसान पेठेत घोड्याच्या टापा दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत येत. नारायण पेठेत नदीच्या अंगाला एक मोकळी जागा होती. पुरात तिथली घरं गेली होती. नुसती जोती आणि त्यावर माजलेली घाणेरी. तिथं पोचलं की बाईंची चाल मंद व्हायची. घोडा पुढे निघून जाई. बाई थोडा वेळ उभ्या राहत, मग म्हणत, "चला. हा नव्हे." घरी आल्यावर त्या घोड्याला स्थळ बघायला सुरुवात.

असे तीन-चार तांबडे घोडे झाल्यावर मी एका रविवारी अडून बसलो. कशासाठी चाललोय ते कळल्याशिवाय मी बोटं घालणार नाही, म्हणालो. बाई पायरीवर बसल्या आणि शाळेतला धडा सांगावा तशा सरळ आवाजात त्यांनी सांगितलं.

त्यांची धाकटी बहीण नारायण पेठेत त्या मोकळ्या जागेवर राहायची. पायानं अधू होती, शिवणाची कामं करायची. बाई तेव्हा बुधवार पेठेत, वरच्या अंगाला राहत. दर गुरुवारी धाकटी बाईंकडे यायची ती एका ठरलेल्या टांग्यानं. टांगेवाला म्हातारा मुसलमान, तिला बेटी म्हणायचा, ती त्याला चाचा. पुराच्या दिवशी सकाळी पाणी येतंय अशी ओरड झाली तेव्हा बाईंनी त्याच चाचांना अड्ड्यावर गाठून धाकटीला आणायला धाडलं. चाचा गेले. संध्याकाळी टांग्याची मोडकी चाकं सापडली, मग चाचा सापडले. घोडा कुठेतरी चिखलात जिवंत निघाला आणि चाचांच्या मुलानं तो कोणाला तरी विकून टाकला. धाकटी सापडली नाही.

"मला एवढंच कळायला हवंय," बाई म्हणाल्या, "ती टांग्यात चढली होती की नाही. घरात बसून राहिली आणि गेली, तर ते पाण्यानं केलं. पण टांग्यात बसली आणि वाटेत गेली असेल, तर त्या वाटेवर तिला मी आणलं."

मला ते ऐकून फार वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

"चाचा नाहीत. चढताना पाहिलेलं त्या आळीत कोणी उरलं नाही. राहिला घोडा."

"पण घोडा ओळखू येत नाही तुम्हाला?"

"टांग्यात बसणारं माणूस कधी घोड्याकडे बघतं का हो? तांबडा होता एवढं आठवतं. पुण्यातले निम्मे घोडे तांबडे." मग त्यांनी पट्ट्याचं सांगितलं. टांग्यात मागे माणूस बसलं की टांगा उलाळ होतो, पुढच्या दांड्या वर उचलतात आणि पोटाखालचा तंग ताणतो. घोडा ते विसरत नाही. "त्याला वाटलं की मागे कोणी बसलंय, तर तो अंग तसंच धरणार. तुमच्या बोटांना कळेल."

मला हे सगळं खुळचटपणाचं वाटलं. तरी त्या रविवारी मी बोटं घातली, आणि पुढेही घालत राहिलो.

ती घोडी आणली त्याच लोणीच्या मळेकऱ्यानं. त्यांच्या स्टेशनावर टांग्याला होती, आता थकली होती. "तांबडी हाय म्हनून आनली, तुमाला तांबड्याचं लई," तो म्हणाला. "शानी हाय, पर एक खोड हाय. ओढा आला की बसती. घोटाभर पानी आसलं तरी पाय टाकीत न्हाय. चाबूक मोडला तरी न्हाय." बाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. घोडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिचा उजवा कान हातात धरून ठेवला.

रविवारी आम्ही निघालो. वाटेत नळाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं तिथं घोडी थांबली. बाईंनी उन्हासाठी डोक्यावरून घेतलेली सुती शाल काढून त्या ओहोळावर अंथरली तेव्हा कुठे पलीकडे आली. नारायण पेठेत शिरलो आणि तिची चाल बदलली. बाई पुढे चालायच्या, पण आता घोडीच त्यांना मागे टाकून गेली. मोकळ्या जागेपाशी आली आणि थांबली.

थांबली एवढंच नाही. तिनं अंग वळवलं आणि एक एक पाऊल मागे सरकत घाणेरीच्या झुडपाला पाठ लावून उभी राहिली. बाईंचा हात तोंडाशी गेला.

"ओट्याला लावतेय," त्या पुटपुटल्या. "धाकटीला पायरी चढवत नसे. चाचा टांगा मागे घेऊन ओट्याला लावायचे. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं."

ऊन रखरखीत होतं. पारव्यांचं घुमणंही बंद होतं. घोडी पाय रोवून उभी होती, आणि मग तिचं अंग डावीकडून किंचित खचलं. माझी दोन्ही बोटं पट्ट्याखाली चिमटली.

"आली?" बाईंनी विचारलं.

"घोडीनं श्वास भरून घेतला असेल," मी म्हणालो.

"मी श्वासाचं विचारलं नाही."

"ताणलाय," मी म्हणालो.

घोडी चालायला लागली. जड, हळू, ओझं असल्यासारखी. आता बाई पुढे नव्हत्या, घोडीच्या मागे चालत होत्या. टांग्यात मागच्या बाजूला बसलेल्याचं तोंड मागे असतं. बाई जिथून चालत होत्या ती नेमकी त्याच्या समोरची जागा. मी मान वळवून पाहिलं. बाई रस्त्याकडे बघत नव्हत्या, घोडीकडेही नाही. त्या समोरच्या रिकाम्या हवेकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यानंतर मी मागे पाहिलं नाही. पट्ट्यातली बोटं काढून पळून जावं असं फार वाटत होतं. पण पट्टा इतका घट्ट होता की बोटं निघतच नव्हती.

बुधवार पेठेतल्या एका बोळात घोडी आपण होऊन वळली आणि रेडिओच्या एका बंद दुकानाशेजारी थांबली. बाजूला वर जाणाऱ्या जिन्याचं दार. ती पुन्हा मागे सरकली, दाराच्या पायरीला पाठ लावली. अंग डावीकडून खचलं, सावरलं, आणि माझी बोटं मोकळी झाली.

"सैल झालाय!" मी जवळजवळ ओरडलोच. "हे कुणाचं दार, बाई?"

"माझं," बाई म्हणाल्या. "तेव्हाचं."

मला इतका आनंद झाला की भीती क्षणभर पळाली. "म्हणजे पोचल्या होत्या त्या! सुखरूप उतरल्या होत्या इथं! पाणी इथवर आलं होतं का?"

"नाही. पाणी इथवर आलंच नाही." बाई त्या दाराकडे बघत होत्या. दार उघडंच होतं, आत अंधारा जिना. "त्या दिवशी ह्या दाराला कुलूप होतं."

"कुलूप कशाला?" मी विचारलं.

"मला वाट बघवेना. टांगा गेला तो येईना. मी कुलूप लावलं आणि मागच्या बोळानं तिला शोधायला पुलाकडे गेले. परत आले तेव्हा कुलूप तसंच होतं. मला वाटलं, ती आलीच नाही."

मी कारकुनी डोकं चालवलं. म्हणालो, "बाई, त्या दर गुरुवारी इथंच उतरायच्या. घोडीला तीच सवय आठवत असेल. त्याच दिवसाचं कशावरून?"

"असेल तसंही," बाई म्हणाल्या. त्यांना तसंच असायला हवं होतं, ते आवाजावरून कळत होतं.

मी बोटं काढायला हवी होती, पण मी ती विसरलो होतो. घोडीचं अंग पुन्हा खचलं. डावीकडून. पट्टा करकचून आवळला आणि घोडीनं मान फिरवली, आलो त्याच बाजूला, नदीकडे.

मी काही सांगायच्या आधीच बाईंनी माझा चेहरा पाहिला. त्या धावल्या. त्या वयात, त्या कॅनव्हासच्या बुटांनी, घोडीला वळसा घालून त्या दाराच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि घोडीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडे दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "अगं नको जाऊस. मी घरीच आहे. ये, उतर. हात दे मला."

घोडी थबकली. बाईंचे हात तसेच पुढे होते. मग त्यांचा उजवा हात थोडा खाली गेला, कोणीतरी त्यावर भार टाकल्यावर जातो तसा.

पट्टा सैल पडला. घोडीनं लांब श्वास सोडला आणि मागचा एक पाय ढिला करून, खुराच्या टोकावर टेकून उभी राहिली. टांग्याचा घोडा दिवसभराचं काम संपल्यावर उभा राहतो तशी.

परत येताना मी घोडी धरून पुढे चालत होतो. बाई मागून येत होत्या, फार सावकाश, आणि भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून. मधे एकदा त्यांनी मला हाक मारली. "जरा दमानं घ्या. तिला एवढं चालवत नाही." मी घोडीकडे पाहिलं. घोडी अजिबात दमलेली नव्हती.

घोडीला लोणीचाच मळेकरी घेऊन गेला. काही दिवसांनी तो मुद्दाम सांगायला आला, की वाटेतल्या ओढ्यातून ती गुडघाभर पाण्यातनं सरळ चालत गेली, थांबली ती पाणी प्यायलाच. बाकीच्या घोड्यांचीही स्थळं जमत गेली. बाई आता तांबड्याला पाहून पळत नव्हत्या. मला वाटलं, त्यांना शांत वाटत असावं. मलाही बरं वाटलं.

महिना संपत आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "तुम्हाला दुसरी खोली बघावी लागेल," म्हणाल्या. "घरात माणूस वाढलंय." त्यांच्या उंबऱ्याशी एक बुटकी लाकडी पायरी नव्यानं ठोकलेली मी पाहिली.

निघायच्या दिवशी सामान सायकलला बांधलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली द्यायला गेलो. बाईंनी किल्लीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"कुलूप लावलंत?" त्या म्हणाल्या. "अहो, ती आत्ताच तिकडे गेली."

मी सायकल तिथंच टाकून धावत मागे गेलो, कुलूप काढलं आणि दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीला टेकतील इतक्या उघडून ठेवल्या.